बेशुद्धाच्या कर्माचा कर्ता कोण?

सज्जनहो, कर्म कोणाचे आणि त्याचे ओझे कोणाच्या माथी, हा प्रश्न आपल्या शास्त्रांना नवा नाही. पण जुनेच प्रश्न नवा वेष घेऊन दारात उभे राहतात, आणि मग त्यांचे उत्तर पुन्हा एकदा पायरी-पायरीने द्यावे लागते. मद्य घेऊन गाडी हाकणारा आणि त्याला होणारा दंड, हा असाच एक प्रश्न आहे. वरवर पाहता हे पोलिसांचे व वकिलांचे काम. आम्हां टाळकऱ्यांचा त्यात काय संबंध? पण एका गावी कीर्तनानंतर एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "बुवा, भावकीतल्या एका पोराने पिऊन मोटारसायकल चालवली. एका म्हाताऱ्याला धडक बसली, म्हातारा गेला. पोरगा म्हणतो, मला काही आठवतच नाही. मग जे मनातही नव्हते आणि आठवतही नाही, त्याचे पाप त्याला कसे लागायचे?" शंका प्रामाणिक होती. दोन शब्दांत तिची बोळवण करणे आम्हांस योग्य वाटले नाही, म्हणून हा लेख.

प्रथम पूर्वपक्ष पुरता बलवान करून घेऊ. दुबळ्या पूर्वपक्षाला पाडण्यात पुरुषार्थ नाही. नैयायिक सांगतात की मनुष्य आधी जाणतो, मग इच्छितो, मग प्रयत्न करतो. ज्ञान, इच्छा आणि कृती ह्या तीन पायऱ्या चढल्यावर कर्तृत्व पुरे होते. झोपेत कूस पालटताना शेजाऱ्याच्या तोंडावर हात बसला, तर त्याला आपण मारकुटा म्हणत नाही. तेथे हात हलला, पण इच्छा नव्हती. मग पिऊन बेभान झालेल्याचा हात चाकावरून घसरला, तर त्याच्या ठायी तरी म्हाताऱ्याला मारण्याची इच्छा कोठे होती? झोपलेला सुटतो, तर हा का सुटू नये? असा हा पूर्वपक्ष आहे.

आता उत्तर पाहा. झोप देहाला येते, तिला कोणी आणीत नाही. धुंदी मात्र मनुष्य पदरचे पैसे मोजून विकत आणतो. झोपलेल्याचे अज्ञान त्याच्यावर येऊन पडते, ह्याचे अज्ञान ह्याने स्वतः घडवलेले असते. आपल्याच हाताने डोळ्यांवर पट्टी बांधून जो गर्दीत धावत सुटतो, त्याने "मला दिसले नाही" असे म्हटले तर ते खोटे नाही. पण ती सबबही नाही. न दिसणे हाच त्याचा अपराध आहे. तेव्हा धडक बसली त्या क्षणी कर्ता शोधू नये. तेथे कर्ता सापडणारच नाही, तो केव्हाच बुडाला. पहिला पेला उचलला आणि खिशात गाडीची किल्ली होती, त्या क्षणाकडे चला. तेथे ज्ञान होते, इच्छा होती, कृतीही होती. कर्ता तेथे पुरता जागा होता.

नवल असे की आपल्या देशाचा कायदाही ह्याच वाटेने जातो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८५ आणि ८६ ही दोन कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत तीच तत्त्वे कलम २३ आणि २४ मध्ये आली आहेत. एखाद्याला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध मादक पदार्थ पाजला, आणि आपण काय करतो हे समजण्याची शक्तीच त्याच्यात उरली नाही, तर कायदा त्याला सोडतो. पण जो आपखुशीने प्याला, त्याला शुद्धीत असता जे कळले असते तेवढे ज्ञान होतेच, असे धरून कायदा त्याचा न्याय करतो. म्हणजे बुद्धी कोणी चोरून नेली की आपणच गहाण टाकली, एवढे पाहावयाचे.

कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. हे रूपक आपण शेकडो वेळा ऐकतो आणि माना डोलावतो. पण मद्यपी चालकाच्या बाबतीत ते रूपक राहातच नाही, अक्षरशः खरे होते. आतला सारथी झोपतो आणि बाहेरचा रथ धावत राहतो. शिवाय ऋषींच्या रथाला दोन-चार घोडे होते, आणि सारथी झोपला तरी घोड्याला स्वतःची अक्कल असते. बैलगाडीतला धनी झिंगून पडला तरी बैल त्याला घरी आणून सोडीत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. मोटारीला ती अक्कल नाही. तिच्यात बुद्धी एकच, चालकाची. ती गेली की उरते नुसते वेगात धावणारे लोखंड.

रस्त्यावरच्या अपघाताचा विचार आपल्याकडे आधी कोणी केलाच नाही असे समजू नका. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी सलग काही श्लोक आहेत. मनूची वर्णभेदाची दंडव्यवस्था आम्ही मानीत नाही. संतांनी ती चंद्रभागेच्या वाळवंटात केव्हाच बाजूस ठेवली. पण हा भाग न्यायबुद्धीने पाहण्याजोगा आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, दोर अथवा लगाम तुटला, "बाजूला व्हा" असे ओरडूनही समोरचा हलला नाही, अशी दहा निमित्ते सांगून तेथे दंड नाही असे म्हटले आहे. मात्र हाकणाऱ्याच्या अकुशलपणामुळे गाडी भरकटली, तर मालकाला दोनशे पण दंड. हाकणारा कुशल असूनही चुकला, तर दंड त्यालाच. आणि अकुशल आहे हे ठाऊक असून जे त्याच्या गाडीत बसले, त्या प्रत्येकाला शंभर पण. हे शेवटचे वाक्य, सज्जनहो, दोनदा वाचण्यासारखे आहे. चालक अडाणी असेल तर आत बसणारेही दंडास पात्र! मग चालक पुरता बेशुद्ध असेल तर त्याच्यामागे मुकाट बसणाऱ्यांना काय म्हणावे?

दैव आणि दोष ह्यांतली ही रेघ आपण वारकऱ्यांनी फार दुःखाने पाहिली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपुराहून आळंदीस निघालेल्या दिंडीत दिवे घाटात एक माती उकरण्याचे यंत्र घुसले. नामदेवरायांच्या वंशातील महाराज त्यात गेले, आणखी एक वारकरी गेले. यंत्राचे ब्रेक निकामी झाले होते असे त्या वेळी सांगण्यात आले. तुटलेला लगाम तो हाच. तेथे यंत्राची निगा कोणी राखली होती, हा प्रश्न उरतो. पण चालकाचा आतला लगाम जर त्यानेच कापला असेल, तर निमित्तांच्या त्या दहांच्या यादीत त्याला कोठेही जागा नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना ते नेमके ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ हे मुख्य. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की अपराध झाला. तीस मिलिग्रॅम म्हणजे केवढे? अक्षतेच्या एक-दोन दाण्यांचे वजन. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यापूर्वी पहिला दंड दोन हजारांवरच थांबत असे. गणवेशातील पोलीस वॉरंटावाचून अटक करू शकतो, पण अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही तर सोडावे लागते. यंत्रात फुंकर मारण्यास सबळ कारणावाचून नकार दिला, तर तो नकारही फिर्यादीच्या बाजूस धरता येतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हीच मर्यादा ऐंशी मिलिग्रॅम आहे, युटा राज्यात पन्नास. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावे. तेथल्या परवान्याची सवय घेऊन येथे गाडी हाती धरू नये.

ह्याच कलमात मद्याबरोबर इतर मादक द्रव्येही आहेत. त्यांना मिलिग्रॅमचे माप नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल असला की पुरे. गांजा-भांगेला कोणी शंकराचा प्रसाद म्हणून चिलीम फिरवील, पण प्रसादाने बुद्धी निर्मळ होते, झाकळत नाही. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या वैद्याने दिल्या असतील तर घेण्यात दोष नाही, त्या घेऊन चाकामागे बसण्यात आहे. गोळी घेताना वैद्याला विचारून घ्यावे.

येथे दुसरी शंका निघते. "मी प्यालो खरा, पण कोणाला धक्कासुद्धा लागला नाही. मग दंड कशाचा?" ऐका. यात्रेच्या गर्दीत डोळे मिटून कोणी गोफण फिरवली आणि दगड कोणाच्याही कपाळाला न लागता मातीत पडला. तो दगड लागला नाही हे गोफणवाल्याचे पुण्य नव्हे, ते त्या लोकांचे नशीब. दोघे मित्र सारखेच पितात, सारख्याच गाड्या घेऊन निघतात. एकाच्या वाटेत कोणी येत नाही, तो घरी जाऊन घोरतो. दुसऱ्याच्या वाटेत एक माय डोक्यावर तुळस घेऊन चाललेली असते. फळ निराळे झाले, पण बीज एकच होते. कायदा फळ पाहून मोठी शिक्षा सांगतो, पण कलम १८५ बीजालाच हात घालते, हे त्याचे शहाणपण. माणूस मेल्यावर दिलेली शिक्षा कितीही मोठी असली तरी मेलेला उठत नाही.

आणखी एक भ्रम काढून टाकावयास हवा. लोक म्हणतात, लिंबूपाणी घेतले, ताक प्यालो, थंड पाणी डोक्यावर ओतले, आता उतरली. ह्यांतील कशानेही रक्तातले मद्य लवकर जात नाही. यकृत आपल्या चालीनेच काम करते, साधारण ताशी पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. मध्यरात्री ज्याच्या रक्तात एकशेवीस मिलिग्रॅम आहे, त्याच्यात पहाटे पाच वाजता पंचेचाळीसच्या सुमारास उरते. म्हणजे तो कायद्याने अद्याप मद्यपीच. आणि पहाट ही कोणाची वेळ? दिंडी पहाटेच निघते. दूधवाला, पेपरवाला, रस्ता झाडणाऱ्या बाया, सारी कष्टकरी माणसे त्याच वेळी रस्त्यावर असतात.

१२ नोव्हेंबर २००६ ची अशीच पहाट. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली आणि झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्याचे प्रमाण ०.११२ टक्के, म्हणजे आजच्याच कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले. पहिल्या न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद सांगितली. उच्च न्यायालयाने म्हटले, हा नुसता निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवध आहे, आणि तीन वर्षे दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. सात जिवांना तीन वर्षे हा हिशेब कोणाच्याही मनाला पटणे कठीण, आणि त्या न्यायालयानेही ही शिक्षा सौम्यच असल्याचे सुचवले. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातले तत्त्व मोलाचे आहे. मारण्याचा हेतू नव्हता हे सर्वांनाच मान्य. तरीही अशा अवस्थेत अशा वेगाने गाडी हाकली तर माणसे मरू शकतात, हे ज्ञान होते. इच्छा नसली तरी ज्ञान कर्त्याला बांधते. नैयायिकांच्या पूर्वपक्षाला ह्याहून स्वच्छ उत्तर आम्हांस सुचत नाही.

तर मग कायदा कडक झाला की काम झाले काय? मौसलपर्व आठवा. यादवकुळाला शाप झाल्यावर द्वारकेत दवंडी पिटवली गेली की कोणी दारू गाळील तर त्याला बांधवांसह सुळी देण्यात येईल. ह्याहून कडक कायदा कोणता असावा? आणि पुढे प्रभासक्षेत्री काय झाले? प्रत्यक्ष भगवंताच्या डोळ्यांदेखत यादव प्याले, शब्दाने शब्द वाढला, आणि सारे कुळ आपसांत मारून मेले. ज्यांच्या घरी वैकुंठनायक नांदत होता त्यांना ना दवंडीने वाचवले, ना सहवासाने. कायदा हा बांध आहे. पाणी अडवण्याचे काम तो करील, पण ज्याला बांध फोडावयाचाच आहे, त्याच्या हातातली कुदळ तो काढून घेऊ शकत नाही.

कुदळी किती तऱ्हेच्या असतात तेही पाहा. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नकोत असे सांगितले. पुढे लहान गावांसाठी ते अंतर दोनशेवीस मीटर झाले, नगरपालिकांच्या हद्दीस सूटही मिळाली. तेवढ्यात काही राज्यांनी रस्त्यांची नावेच बदलली, काल राज्यमार्ग होता तो आज साधा रस्ता झाला. केरळात एका बारवाल्याने दारासमोर नागमोडी वाट बांधली, म्हणजे चालून मोजले तर पाचशे मीटर भरावेत! प्रदक्षिणेचे असे रूप आम्ही कोठल्याही पुराणात वाचले नव्हते. हसू येते, पण त्या वाटेच्या टोकाला कोणाचा तरी मुडदा पडलेला असू शकतो.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. दोन तरुण अभियंते गेले. मोटार चालविणारा अल्पवयीन असल्याचे सांगितले गेले. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितला, आणि लोकांचा संताप झाल्यावर तो जामीन फिरवण्यात आला. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आरोप सिद्ध करणे वा न करणे हे न्यायालयाचे काम, त्यात आम्ही बोलत नाही. पण कोठेही असा नमुना बदलला जात असेल, तर तो बदलणारा हात शुद्धीत असतो, हे मात्र म्हणावेच लागते. प्यालेल्याची बुद्धी दारूने गेली. त्याला वाचवू पाहणाऱ्याची कशाने गेली?

धर्मशास्त्रात पाच महापातके सांगितली आहेत. सुरापान हे त्यांतले एक, आणि पाचवे महापातक कोणते, तर ह्या पातक्यांचा संसर्ग. संसर्ग म्हणजे शिवाशिव नव्हे, पातकाला साथ देणे. आजच्या कायद्यातही कलम १८८ सांगते की मद्यपी चालकाच्या अपराधाला जो प्रेरणा किंवा साहाय्य देतो, त्याला तीच शिक्षा. अल्पवयीनाने वाहन चालवून अपराध केला, तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला अथवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. आम्ही माळकरी म्हणतो, "आम्ही थेंबालाही शिवत नाही, आम्हांस काय?" पण वरातीच्या आधी पोरांसाठी खोलीत कोणी बाटल्या ठेवल्या, हे ठाऊक असून आपण अक्षता टाकल्या. भाचा झिंगलेला दिसत होता, तरी "जा बाळ, सावकाश जा" म्हणून किल्ली त्याच्या हाती दिली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडाला वास येत होता, पण कारखान्याची पाळी चुकू नये म्हणून गप्प बसलो. तुळशीची माळ गळ्यात असते, सज्जनहो. ती अशा वेळी शब्द गळ्यातच अडवून ठेवण्यासाठी नव्हे.

राहिली शेवटची आणि नाजूक शंका. "नामाने सर्व पापे जळतात ना? मग हेही जळेल." नामाचे सामर्थ्य आम्ही जन्मभर गात आलो, त्यात उणे करण्याची आमची प्राज्ञा नाही. पण पद्मपुराणात दहा नामापराध सांगितले आहेत, आणि नामाच्या बळावर पाप करणे हा त्यांतलाच एक. औषध घरात आहे म्हणून कोणी मुद्दाम विष खात नाही. आणि ज्याच्या हातून घडून गेले, त्याने काय करावे? मनूचे आणखी एक मत येथे घेण्याजोगे आहे: ज्याने राजदंड भोगला तो पुण्यवंतांप्रमाणे निर्मळ होतो. म्हणजे दंड हा सूड नव्हे, तो प्रायश्चित्ताचा भाग आहे. म्हणून अशा मनुष्याने पळून जाऊ नये. गाडी थांबवावी, जखमीला दवाखान्यात पोहोचवावे, कलम १३४ प्रमाणे ते त्याचे कर्तव्यच आहे. पोलिसांत खरे ते सांगावे. साक्षीदार फोडू नयेत. शिक्षा होईल ती भोगावी, आणि ज्या घरचा कर्ता गेला त्या घराचा भार जमेल तेवढा आपल्या खांद्यावर घ्यावा. मग पंढरीच्या वाटेवर रडत नाम घ्यावे. ते नाम खरे. वकिलाच्या युक्तीने सुटून आल्यावर विठोबाला पेढे वाहणारा, देवालाही आपल्या संसर्गात ओढू पाहतो.

आता विनंती. दिंडीबरोबर ट्रक, टेम्पो, पाण्याचे टँकर असतात. त्यांचे चालक पुष्कळदा भाड्याने आणलेले असतात, त्यांच्या गळ्यात माळ असतेच असे नाही. दिंडीप्रमुखांनी ठरवतानाच स्पष्ट सांगावे की वारीचे दिवस थेंब चालणार नाही. रोज पहाटे गाडी हलण्यापूर्वी चार शब्द त्याच्याशी समोरासमोर बोलावेत. बोलण्यातून पुष्कळ कळते. त्याला वेळेवर जेवण आणि पुरती झोप द्यावी, कारण थकलेला माणूसच बाटलीकडे वळतो. संशय आला तर त्या दिवशी सामान डोक्यावर घेऊन चालावे, पण ती गाडी हलू देऊ नये. रस्त्यात कोणी जखमी दिसला तर भिऊ नये. कलम १३४अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटल्याचे बालंट येत नाही आणि नावगाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. आणि घरी, आपल्या मुलाला, शुद्धीत असताना, रागावाचून एकदा विचारावे, "पिणार असशील तर किल्ली कोणाजवळ ठेवून जाशील?" ह्या प्रश्नाने त्याला पिण्याची मुभा मिळते असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. जो पिऊ नको म्हटले तर ऐकत नाही, त्याच्या हातून दुसऱ्याचे लेकरू तरी वाचावे.

बेशुद्धाच्या कर्माचा कर्ता कोण, ह्याचे उत्तर इतकेच: तो स्वतः, शुद्धीत होता तेव्हाचा. आणि त्याच्या शेजारी शुद्धीत बसलेले आपण सर्व. आतला सारथी जागा ठेवणे हेच भजन. तो जागा असला की वाटेवरचा प्रत्येक पादचारी पांडुरंगच दिसेल.

रामकृष्णहरि.